‘लगीन कुठं झालंय?’ असं विचारणाऱ्या दाजींना खुले पत्र

नातेपुते, ता. माळशिरस, जि. सोलापूर

दाजी,

या पत्राला ‘सप्रेम नमस्कार’ नाही. तुमचं नावही लिहीत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. नातेपुत्यात आहात, फलटणला आहात, अकलूजला आहात, पुणे-पंढरपूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहात. हे पत्र कुणाला आहे ते ज्याचं त्याला चार ओळींत कळेल.

तुम्ही एका बाईसोबत वर्षानुवर्षं एका छपराखाली राहिलात. तिच्या हातचं खाल्लंत. तिच्या मजुरीतून मोटरसायकलचा हप्ता भरलात. तुमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं हगणं-मुतणं त्याच बाईनं काढलं. गल्लीनं तुम्हाला दाजी म्हटलं आणि तुम्ही ओ दिलीत. मग घरच्यांनी तुमच्यासाठी जातीतली पोरगी बघितली, आणि हिचं गाठोडं तुम्ही उंबऱ्याबाहेर ठेवलंत. ती जाब विचारायला आली तेव्हा चार माणसांत म्हणालात, “लगीन कुठं झालंय आपलं? कागद हाय का तुझ्याकडं?”

तुम्हाला लग्न नको होतं, बायको मात्र हवी होती. ती मिळाली तेवढी वर्षं तुम्ही कुणाकडे कागद मागितला नाहीत. हिशेब द्यायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा मागितलात.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते. लग्नाशिवाय एकत्र राहिलात याचा मला राग नाही. दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं एका घरात राहणं हा या देशात गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे 2006 मध्ये लता सिंह खटल्यात सांगितलं, आणि 28 एप्रिल 2010 रोजी अभिनेत्री खुशबूच्या खटल्यात पुन्हा सांगितलं. 2018 मध्ये केरळच्या एका प्रकरणात तर न्यायालय म्हणालं की, मुलाची लग्नासाठीची एकवीस वर्षं पुरी झाली नसली तरी दोघं सज्ञान असतील तर एकत्र राहू शकतात. आपल्याकडे माणसं अशी राहतात त्याला कारणंही असतात. कुणाची जात आडवी येते. कुणाचा आधीचा घटस्फोटाचा दावा तारखांवर तारखा खात पडलेला असतो. एखादी विधवा दुसऱ्या लग्नाचं नाव काढते आणि दीर शेतातल्या वाट्याचं तोंडही बघू देत नाही. त्या सगळ्यांच्या राहण्यावर मी बोट ठेवणार नाही. माझं भांडण तुमच्या निघून जाण्याच्या रीतीशी आहे.

तुमचा प्रश्न कायद्यानं केव्हाच ऐकलेला आहे, दाजी. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 सालचा. 26 ऑक्टोबर 2006 पासून तो लागू आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात लग्नाच्या बायकोबरोबरच ‘विवाहाच्या स्वरूपाचं नातं’ असलेल्या बाईलाही जागा दिली आहे. हे शब्द तुमच्यासारख्यांसाठीच तिथं घातले गेले. कलम 17 प्रमाणे ज्या घरात तुम्ही दोघं राहिलात त्या घरात राहायचा तिला हक्क आहे, मग उतारा तुमच्या नावचा असो, तुमच्या वडिलांच्या नावचा असो किंवा खोली भाड्याची असो. कायद्याची वाट धरल्याशिवाय तिला तिथून हलवता येत नाही. गाठोडं बाहेर ठेवून कुलूप घातलंत, त्याला या कायद्यात आर्थिक छळ म्हटलेलं आहे. राहत्या घरात येऊ न देणं हे त्या व्याख्येत स्पष्ट लिहिलेलं आहे. न्यायदंडाधिकारी तिला घरात परत घ्यायचा हुकूम देऊ शकतात, दुसरीकडे राहायची सोय करून द्यायला लावू शकतात, दरमहा खर्चाची रक्कम ठरवून देऊ शकतात, झालेल्या जाचाची भरपाई वेगळी. तिचे दागिने, तिची भांडी, तिचे पैसे परत करावे लागतात. संरक्षणाचा हुकूम मोडलात तर कलम 31 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कागदाचं म्हणता, तर कागद तुम्हीच जमा करून ठेवले आहेत. 2010 मध्ये वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अशा नात्याच्या चार कसोट्या सांगितल्या. दोघं समाजात नवरा-बायकोसारखे वावरले पाहिजेत, दोघांचं वय लग्नाचं पाहिजे, दोघं लग्नाला मोकळे पाहिजेत, आणि राजीखुशीनं बराच काळ एकत्र राहिलेले पाहिजेत. पुढे 26 नोव्हेंबर 2013 रोजी इंद्रा शर्मा खटल्यात न्यायालयानं आणखी बारकाईनं सांगितलं की काय काय बघायचं: किती काळ राहिले, घर एक होतं का, पैसा एकत्र होता का, घरातली कामं कशी वाटली होती, मुलं आहेत का, चारचौघांत कसे वावरले.

आता हे सगळं आपल्या गल्लीत आणून बघा. रेशनकार्डावर तिचं नाव तुमच्या खाली लागलेलं आहे. घरमालकाला भाडं तिच्या फोनवरून गेलेलं आहे. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून तुमची सही आहे. बचत गटाच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिलात. चैत्रात शिखर शिंगणापूरला शंभू महादेवापुढे जोडीनं बसून अभिषेक केलात. माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला येते त्या संध्याकाळी दारात उतरलेल्या दिंडीला तुम्ही पाणी दिलंत आणि तिनं पिठलं-भाकरी वाढली, ते त्या दिंडीतल्या माणसांनी पाहिलेलं आहे. त्यांनी तुम्हाला विचारलं नाही की लगीन झालंय का. विचारायचं कारणच पडलं नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या वकिलानं तुम्हाला सांगितली नसेल. एक पुरुष आणि एक बाई लग्नाला मोकळे असून दीर्घकाळ नवरा-बायकोसारखे राहिले असतील, तर त्यांचं लग्न झालेलंच आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. 1978 च्या बद्री प्रसाद खटल्यातही हे सांगितलेलं आहे आणि जून 2022 मध्ये केरळच्या एका वाटणीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा बजावलं. मग लग्न झालं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं नाकारणाऱ्यावर पडतं, आणि ते ओझं जड असतं असं न्यायालयाचंच म्हणणं आहे. म्हणजे “कागद हाय का?” हा प्रश्न उलटून तुमच्याकडेच येतो, दाजी.

कायद्याला भोकं नाहीत असं मी म्हणत नाही. आहेत, आणि तुमच्यातल्या काहींना ती तोंडपाठ आहेत. सगळ्यात मोठं भोक त्या तिसऱ्या कसोटीत आहे. तुमची पहिली बायको गावाकडे असेल आणि हिला ते ठाऊक असेल, तर ही बाई त्या चौकटीत बसत नाही. इंद्रा शर्मा खटल्यात तेच झालं. बाईला ठाऊक होतं की तो विवाहित आहे, म्हणून वर्षानुवर्षं सोबत राहूनही तिच्या हाती काही लागलं नाही. त्याच निकालात न्यायालयानं म्हटलं की अशा बायका आणि त्यांची मुलं उघड्यावर पडतात, संसदेनं त्यांचा विचार करावा. संसदेनं आजवर केलेला नाही. वेलुसामी निकालात अशा बाईसाठी ‘ठेवलेली’ या अर्थाचा शब्द वापरला गेला होता. तेव्हा अतिरिक्त सॉलिसिटर जनरल असलेल्या इंदिरा जयसिंग यांनी त्यावर भर न्यायालयात आक्षेप घेतला. तो शब्द आपल्या गावात अजून रोज वापरला जातो, आणि नेहमी बाईसाठी. ठेवणाऱ्या पुरुषाला गावानं अजून शिवी शोधलेली नाही.

पण पहिली बायको लपवून ठेवली असेल तर मात्र तुमची सुटका नाही. हा आपल्या महाराष्ट्रातलाच खटला आहे, ‘बादशाह विरुद्ध ऊर्मिला बादशाह गोडसे’. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा इथल्या देवगडच्या देवळात 10 फेब्रुवारी 2005 रोजी लग्न लागलं. तीन महिन्यांनी दारात दुसरी बाई उभी राहिली आणि म्हणाली, मी याची आधीची बायको. नवऱ्यानं पोटगीच्या अर्जाला उत्तर दिलं की ही माझी बायकोच नव्हे. खालच्या न्यायालयानं बाईला महिना 1000 रुपये आणि मुलीला 500 रुपये ठरवून दिले होते. एवढ्या दीड हजारासाठी हा गृहस्थ दिल्लीपर्यंत गेला. 18 ऑक्टोबर 2013 रोजी न्यायमूर्ती रंजना देसाई आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांनी त्याला परत पाठवला: स्वतः फसवलंस, आणि त्याच फसवणुकीची ढाल करतोस, हे चालणार नाही. पोटगीपुरती ती बायकोच. हा निकाल माळशिरस तालुक्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असायला हवा.

बाँडपेपरवरच्या सोडचिठ्ठीचा तुमचा डावही माझ्या माहितीचा आहे. आपल्या भागात आधीच्या नवऱ्यापासून सुटका म्हणजे पंचांसमोर बाँडवर सह्या, नोटरीचा शिक्का, की झालं. न्यायालयाच्या दृष्टीनं तो घटस्फोट सहसा टिकत नाही. अशी बाई तुमच्या घरात येते तेव्हा तुम्ही त्या बाँडला मान देता. ती पोटगी मागते तेव्हा तोच बाँड फडकवून म्हणता, हिचं पहिलंच लग्न मोडलेलं नाही. 30 जानेवारी 2025 रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठानं ‘उषा राणी’ खटल्यात नेमकं हेच प्रकरण निकाली काढलं. पहिल्या नवऱ्यापासून करारानं वेगळी झालेली बाई, मग दुसऱ्याशी लग्न, मुलगी, आणि मग दुसऱ्याचा तोच युक्तिवाद. न्यायालयानं सांगितलं की सगळं ठाऊक असून लग्न केलंस, आता पोटगी दे.

मुलाबद्दल तर तुम्ही तोंडच उघडू नका. पोटगीचं कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत 125 होतं, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालं. दोन्हीकडे औरस-अनौरस असा भेद न करता मुलाला बापाकडून खर्च मागायचा हक्क आहे. तरी तुम्ही पोराच्या बाबतीतही “माझा कशावरून?” असं म्हणता. याच सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यानं एक माणूस दिला, डॉ. किशोर शांताबाई काळे. तमाशात नाचणाऱ्या आईचा मुलगा. बापानं नाव दिलं नाही, म्हणून त्यांनी आईचं नाव मधोमध लावलं, त्याच नावानं डॉक्टर झाले आणि 1994 मध्ये ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहिलं. मोठ्या माणसांनी वर्षानुवर्षं बाया ठेवल्या, लेकरं जन्माला घातली, आणि एकही कागद मागे राहू दिला नाही. ती सगळी व्यवस्था त्या पुस्तकात आहे. 1 मे 2024 पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे सरकारी कागदांवर आधी आईचं नाव लागतं. डॉ. काळे 2007 मध्येच अपघातात गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही.

शेताचं काय? तिनं तुमच्या उसाला पाणी धरलं, लागण केली, खुरपणी केली. सातबारा तुमच्या नावावर. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर हिंदू वारसा कायद्यात तिला वारस म्हणून जागा नाही; लग्न गृहीत धरायला लावायचं तर तिला भाऊबंदांशी दावा लढावा लागेल. जो खरोखर तिचा असता, त्यानं मृत्युपत्र केलं असतं, बँकेत आणि विम्यात तिचं नाव लावलं असतं. लग्न न करता नीट राहणारी माणसं हे करतात. तुम्ही केलं नाहीत, म्हणजे गाठोडं बाहेर ठेवायचा विचार तुमच्या डोक्यात पहिल्यापासून होता.

सरकारलाही याच पत्रात दोन शब्द सुनावते. न्यायमूर्ती मलिमथ समितीनं 2003 मध्येच सुचवलं होतं की, पुरेसा काळ बायकोसारखी राहिलेल्या बाईला पोटगीच्या कलमात ‘पत्नी’ धरावं. ऑक्टोबर 2008 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं तशी दुरुस्ती करायचा प्रस्ताव मान्यही केला. तेव्हा केवढा गदारोळ झाला, संस्कृती बुडाली म्हणून! दुरुस्ती काही कायद्यात उतरली नाही. पुढे अख्खी फौजदारी संहिता नव्यानं लिहिली गेली, पण ‘पत्नी’ची व्याख्या होती तिथेच राहिली. उत्तराखंडानं 27 जानेवारी 2025 पासून दुसरी वाट धरली: एकत्र राहता तर नोंदणी करा, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. टाकून दिलेल्या बाईला तिथं पोटगी मागता येते आणि मुलं औरस मानली जातात. एवढं मला पटतं. पण ती नोंद पोलीस ठाण्यात जाते, आणि दोघांपैकी कुणी एकवीस वर्षांच्या आतलं असेल तर आईबापाला कळवलं जातं. नातेपुत्यासारख्या गावात अशी यादी ठाण्यात गेली तर संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर वाचली जाईल, आणि जातीबाहेर राहणाऱ्या पोरीचा जीव धोक्यात येईल. मला महाराष्ट्रात ती नोंदणी नको. मला तो 2008 चा प्रस्ताव हवा.

आणि पोलीस. ऑगस्ट 2015 मध्ये मुंबईत मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांच्या बंद खोल्यांतून पोलिसांनी सुमारे चाळीस जोडपी बाहेर काढली आणि सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन म्हणून दंड केला. बंद दाराआडच्या राजीखुशीत शिरायला ज्यांना वेळ असतो, तेच मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला “हा तुमच्या घरातला मामला” म्हणून परत पाठवतात. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचं पाचवं कलम पोलिसांनाही लागू आहे: अर्ज कुठं करायचा, संरक्षण अधिकारी कोण, मोफत वकील कसा मिळतो, हे तिला सांगणं त्यांचं कर्तव्य आहे. लग्नाचा दाखला मागणं त्या कर्तव्यात येत नाही.

दाजी, तुमच्याशी बोलणं इथं संपलं. आता तिच्याशी बोलते.

बाई, गुपचूप माहेरी निघून जाऊ नकोस. आणि गेली असशील तरी काही बिघडलेलं नाही. तू सध्या जिथं राहतेस तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो, भले ते माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असो. आता त्या घरात राहत नाहीस म्हणून अर्ज अडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलं आहे. एक वर्ष उलटलं म्हणून मुदत संपली, असं कुणी म्हणालं तर तेही खोटं. त्यावरही त्याच वर्षी निकाल झाला. रेशनकार्ड, भाड्याच्या पावत्या, शाळेचा दाखला, दवाखान्याचे कागद, फोनमधले फोटो आणि निरोप, सगळं एका पिशवीत घाल आणि ती पिशवी घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेव. महिला हेल्पलाइनचा नंबर 181 आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, किंवा थेट माळशिरसच्या न्यायालयात. पालखी नातेपुत्याहून दुसऱ्या दिवशी ज्या रस्त्यानं जाते, तोच रस्ता. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त दिवस लागतात, म्हणून पहिल्याच तारखेला कलम 23 खाली तातडीचा हुकूम माग. शेजाऱ्यांना साक्षीला यायला सांग, आणि शेजाऱ्यांनो, तुम्ही या.

पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही बाईला, तिची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा देशभरचा फोन नंबर 15100 आहे.